थ्रीडीतलं कपाट छान दिसतं, पण ते उघडतं का?

मा. संपादक,
स. न.

तुमच्या घराबद्दलच्या पुरवणीत नव्या फ्लॅटच्या इंटिरियरवर जे काही येतं ते मी आवर्जून वाचते, माझं पोटच त्यावर चालतं ना. कर्वेनगरला एका छोट्या ऑफिसात मी ड्रॉइंगं काढते, म्हणजे डिझायनर मॅडम जे ठरवतात ते सुताराला कळेल अशा रूपात कागदावर उतरवायचं. तर पुरवणीत एक सल्ला हमखास असतो, आधी थ्रीडी बघा, पसंत करा, मगच कामाला हात घाला. सल्ला बरोबरच आहे, पण अर्धा आहे. कारण त्या चित्रातलं कपाट बहुतेक वेळा कपाट नसतंच, सनमायकाचा फोटो चिकटवलेला ठोकळा असतो तो, आतून पोकळ, त्याला ना प्लायची जाडी ना बिजागरी, आणि तो भिंतीत दोन इंच घुसलेला असला तरी चित्रात कुणाच्या बापाला कळत नाही. लोक तेवढं बघून ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात.

म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री चालवायची तर चालवा, पण मापं तेवढी कापू नका प्लीज.

माझं म्हणणं असं की जे फर्निचर भिंतीला कायमचं ठोकलं जाणार आहे, म्हणजे वॉर्डरोब, माळे, ओट्याखालच्या ट्रॉल्या, टीव्ही युनिट, खिडकीतली बैठक, ते बिल्डिंगच्या मॉडेलमध्ये, म्हणजे आर्किटेक्ट कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करतो त्यात, भिंत आणि दरवाज्याच्या बरोबरीनं यायला पाहिजे, खऱ्या जाडीसकट आणि मुख्य म्हणजे फटींसकट. आणि ते प्लॅन ठरत असतानाच यायला पाहिजे, पझेशन मिळाल्यावर यायचं म्हणजे वरातीमागून घोडं. सोफा, टेबल, खुर्च्या नंतर काय ते ठेवा, सरकवता येतात. ठोकलेलं कपाट सरकवता येत नाही.

फटींचं एवढं काय, असं वाटेल. एक उदाहरण जवळून सांगते. ओळखीतल्या एका कुटुंबानं बाणेरला फ्लॅट घेतला, इंटिरियरवाल्यांनी (नाव नको) थ्रीडी असं दिलं की बघतच राहावं, पडद्यावर उन्हाची तिरीप वगैरे सगळं. बेडरूमच्या कोपऱ्यात बाजूच्या भिंतीला चिकटून वॉर्डरोब, आत खालच्या बाजूला दोन ड्रॉवर. काम पूर्ण झालं, काकूंनी शटर, म्हणजे कपाटाचं दार, उघडलं, ड्रॉवर ओढला, तो चार बोटं बाहेर आला आणि अडकला. का, तर शटरला लांब पितळी हँडल, ते शटर उघडताना बाजूच्या भिंतीला टेकतं, त्यामुळे शटर काटकोनापर्यंतसुद्धा जात नाही, आणि ड्रॉवर येऊन त्याच्या आतल्या बाजूवर आपटतो. आता हे थ्रीडीत कसं दिसणार, चित्रात शटरं बंदच होती की! आणि इलाज तर कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, झोपेत सांगेल. भिंत आणि कपाटाच्या मध्ये दीड-दोन इंचाची फिलर पट्टी सोडायची, आणि आत बिजागरीच्या बाजूला ड्रॉवरपुरतं १८ एमएमचं पॅकिंग द्यायचं, कारण शटर नीट नव्वद अंशात उघडलं तरी त्याची कड जराशी आतल्या मोकळ्या जागेत येतेच. शिवाय टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्याच्यावर सरकतो ते, दोन्ही बाजूंना १३-१३ एमएम खातं. म्हणजे कप्पा आतून ४५० चा असेल तर त्यातून १८ गेले पॅकिंगचे, २६ गेले चॅनेलचे, ड्रॉवर बाहेरून उरला ४०६, त्याच्या बाजूच्या फळ्या १२ च्या धरल्या तर आतून ३८२. थ्रीडीत मात्र तो ४५० चाच असतो आणि त्यात साड्यांच्या घड्याही कशा मावलेल्या दाखवतात. काकूंच्या घरी शेवटी हँडलं बदलली आणि नवेकोरे ड्रॉवर कापून अरुंद केले. पैसे कुणी दिले ते विचारू नका.

यात सॉफ्टवेअरला येत नाही असं काहीच नव्हतं. शटर उघडं करून बघायचं, एवढंच. मॉडेलमध्ये शटरला बिजागरीचा आस असेल, हँडलला खरी लांबी असेल, आणि बाजूची भिंत प्लास्टरसकट असेल, तर ही टक्कर काढताक्षणी दिसते.

दुसरा घोळ जाडीचा. मॉडेल करणारा प्लाय १८ एमएम धरतो आणि पुढे जातो. पण नुसता प्लाय कुणी ठेवत नाही, बाहेरून १ एमएमचं लॅमिनेट, आतून ०.८ चं, मध्ये फेव्हिकॉलचा थर, म्हणजे एक उभी फळी झाली जवळपास २० एमएम. पाच उभ्या फळ्यांचं कपाट असलं की साधारण १० एमएम कुठून तरी आणावे लागतात, आणि ते नेमके शेवटच्या शटरमधून नाहीतर शेजारच्या फ्रिजच्या जागेतून जातात. उलटही होतं, १८ म्हणून आलेला प्लाय व्हर्नियर लावल्यावर १७ च्या आसपास भरतो. म्हणून जाडीचा आकडा जागोजागी टाइप करत बसायचं नाही, एकच पॅरामीटर ठेवायचा, माल साइटवर आला की पहिला शीट मोजायचा, तो आकडा त्या एका जागी भरायचा, आणि अख्खं कपाट आतल्या आत जुळवून घेतं. मॉडेल करायच्या सगळ्या सॉफ्टवेअरांत हे होतं, रेव्हिटमध्ये होतं, आर्किकॅडमध्ये होतं, फ्रीकॅड तर फुकट आहे त्यातही होतं, स्केचअपमध्ये डायनॅमिक कंपोनंट करून ठेवले की होतं. करत नाहीत ही गोष्ट वेगळी.

आणि शीटचं गणित. प्लायचा शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० एमएम. कपाटाची बाजू ६०० खोल धरली तर शीटच्या रुंदीत दोन बाजू बसतात, १२०० झाले, करवतीच्या पात्याचे ३-४ एमएम गेले तरी चालतं. हौसेनं कुणी खोली ६२० केली की दोन बाजूंना १२४० लागणार, मग एकच निघते आणि शेजारी जवळजवळ सहाशेची लांब पट्टी उरते. ती शेल्फात वापरू म्हणतात, थोडी वापरतातही, बाकीची गच्चीत पडून पावसात फुगते. स्क्रीनवर माउसनं २० एमएम ओढायला काय लागतं हो, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून टेम्पो भरून आणताना कळतं. हँगरला कपड्यासकट आतून साडेपाचशे तरी मोकळे पाहिजेत म्हणून ६०० च्या खाली फार उतरता येत नाही, आणि शीटमुळे वर चढणं परवडत नाही, म्हणजे या मापात मोकळीक अशी नाहीच. उंचीचंही तसंच, २४०० पर्यंत बाजू एका तुकड्यात निघते, त्याच्या वर गेलात की माळ्याचा बॉक्स वेगळा, मग तो जोड कुठे दिसणार, शटरच्या फटीशी जुळणार का, हे आधी ठरवावं लागतं.

आता सॉफ्टवेअरांबद्दल, कारण दोष त्यांच्यावर ढकलायची पद्धत आहे. ऑटोकॅड १९८२ पासून आहे आणि सुताराचं ड्रॉइंग अजून पुष्कळ ऑफिसांत त्यातच निघतं, त्यात वाईट काही नाही, पण रेषा ती रेषाच, प्लॅनमध्ये (वरून दिसणाऱ्या चित्रात) कपाट बदललं की एलेव्हेशनमध्ये (समोरून दिसणाऱ्या चित्रात) आपणहून बदलत नाही, ते लक्षात ठेवणारा माणूस लागतो आणि तो नेमका त्या दिवशी रजेवर असतो. स्केचअप २००० साली आलं, शिकायला सोपं, २०१७ ची शेवटची फुकट डेस्कटॉप आवृत्ती अजून कितीतरी कॉम्प्युटरवर जपून ठेवलेली दिसते. त्याच्या थ्रीडी वेअरहाउसवर जगभरातली कपाटं तयार मिळतात आणि गोची तिथेच आहे. अमेरिकन किचनचं खालचं कॅबिनेट साडेचौतीस इंच उंच, वर दीड इंचाचा टॉप धरून छत्तीस. आपल्याकडचा ओटा साधारण बत्तीस ते चौतीस इंचांचा, कारण पोळ्या लाटायच्या असतात, वर ग्रॅनाइट, खाली कडप्प्याचे उभे. बिल्डरनं ओटा बांधून दिलेला असतो, त्यातले उभे कुठे २१ इंचांवर तर कुठे २३ वर, आणि कडप्पा म्हणजे काही गुळगुळीत काच नाही, एकाच उभ्याची जाडी वर एक आणि खाली एक. त्या खणांत ट्रॉल्या बसवायच्या असतात. तिथे डाउनलोड केलेलं इटालियन किचन टाकून ग्राहकाला चित्र दाखवायचं हा शुद्ध टाइमपास आहे. ओट्याखालचा प्रत्येक खण वरून, मधून आणि खालून मोजायचा, त्यातलं सगळ्यात लहान माप धरायचं, आणि मॉडेलमध्ये तोच खण घ्यायचा.

रेव्हिटही २००० चंच, २००२ ला ऑटोडेस्कनं ते घेतलं, मोठ्या आर्किटेक्टांकडे आता ते नाहीतर आर्किकॅड दिसतं. रेव्हिटमधली एक बारकी गोष्ट सांगते, बारकी आहे पण तिच्यावर सगळं ड्रॉइंग उभं राहतं नाहीतर आडवं होतं. तिथे प्रत्येक वस्तूला कॅटेगरी द्यावी लागते, त्यात फर्निचर ही एक आणि केसवर्क, म्हणजे ठोकलेली कपाटं, ही दुसरी. कपाट दोन्हींत काढता येतं आणि थ्रीडीत दोन्ही सारखीच दिसतात. पण फर्निचर कॅटेगरीतली वस्तू सेक्शनमध्ये, म्हणजे मधून कापून आतलं दाखवणाऱ्या चित्रात, कापली जात नाही, केसवर्कमधली कापली जाते. म्हणजे वॉर्डरोब फर्निचर म्हणून काढलात आणि त्याच्या बरोबर मधून सेक्शन घेतलात तर सॉफ्टवेअर तो अख्खाच्या अख्खा बाजूनं दाखवतं, आतले कप्पे, मागचा ६ एमएमचा प्लाय, खालची स्कर्टिंग, काही म्हणजे काही दिसत नाही. मग कोणीतरी त्याच्यावर हातानं रेषा मारून आतलं चित्र काढतो, आणि त्या रेषा मॉडेलशी बांधलेल्या नसतात, कपाट उद्या चार इंच सरकलं की रेषा तिथेच लटकतात. सुताराकडे जातो तो सेक्शन म्हणजे झाली का पंचाईत. एका ड्रॉपडाउनमधून बरोबर नाव निवडलं असतं तर हे टळलं असतं.

घाईत लोक अजून एक करतात, इन-प्लेस फॅमिली, म्हणजे त्या खोलीतच जागेवर कपाट घडवायचं. एखाद्या बंगल्यातल्या एकुलत्या एक कपाटाला ठीक आहे. पण तेच कॉपी करून टॉवरच्या सगळ्या मजल्यांवर टाकलं की प्रत्येक कॉपी स्वतंत्र, एकीत बदल केला तर दुसरीला पत्ता नाही, आणि फाइल फुगते ती वेगळीच. बाहेर वेगळ्या फाइलमध्ये नीट फॅमिली (रेव्हिटमधला तयार नमुना) बनवून लोड करायला सुरुवातीला वेळ जातो, मान्य, पण मग २ फुटी, ३ फुटी, ४ फुटी हे सगळे त्याच एका कपाटाचे प्रकार होतात. टॉवरमध्ये शेजारचे दोन फ्लॅट मिरर केलेले असतात, त्याच्याबरोबर कपाटही मिरर होतं, शटरची बाजू फिरते, ड्रॉवरचं पॅकिंग दुसरीकडे जातं, हे सगळं सॉफ्टवेअर बघून घेतं. फॅक्टरीत कटिंग लिस्ट पाठवताना मात्र डावं-उजवं वेगळं लिहावं लागतं, नाहीतर बिजागरीचे ३५ एमएमचे खड्डे सगळ्या शटरांना एकाच बाजूला पाडून येतात, आणि अशी शटरं नुसती उलटी करून लावता येत नाहीत, लॅमिनेटचे रेषे उलटे होतात, हँडलची भोकं वर जातात.

काही जण म्हणतील की एवढा उपद्व्याप कशाला, सुतार साइटवर माप घेऊनच बनवतो की. अहो, तो जुना काळ होता आणि सुतार खरंच फार निभावून न्यायचे, अजूनही नेतात. भिंत ओळंब्यात नसली तर पट्टी रंध्यानं तासून भिंतीच्या वाकड्या रेषेला बसवतील, कुणाला कळणारही नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत जाड भिंतींमध्ये फडताळं असायची, भिंत चढवतानाच ती जागा सोडलेली असायची, चौकट तिथेच बसायची. आता माल फॅक्टरीतून कापून, कडेला एज बँड लावून, भोकं पाडून येतो, शेल्फच्या पिनांची भोकं ३२-३२ एमएमवर, पुढच्या कडेपासून ३७ वर, ५ एमएम व्यासाची, सगळं मशीनचं. साइटवर येणारा माणूस जोडणारा असतो, त्याच्याकडे स्क्रू ड्रायव्हर असतो, रंधा नसतो. ड्रॉइंगमधली चूक तयार वस्तू होऊनच दारात येते. आणि भिंती काही सुधारल्या नाहीयेत, खोलीचा कोपरा काटकोनात असेल असं धरून चालणारा माणूस साइटवर कधी गेलेला नाही असं खुशाल समजा.

बिल्डिंगच्या मॉडेलमध्येच कपाट पाहिजे असं मी म्हणते त्याचं खरं कारण हे की त्या मॉडेलला आधीच पुष्कळ माहिती असते. कुठली भिंत बाहेरची आहे, कुठल्या भिंतीमागे बाथरूम आहे, बीम किती खाली येतोय, सगळं. पण होतं काय, इंटिरियरवाले पझेशननंतर टेप घेऊन जातात, खोली नव्यानं मोजतात, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चार भिंतींचा डबा काढतात आणि ती सगळी माहिती तिथेच संपते. त्यांच्या डब्याला चारही भिंती सारख्याच. मग पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला, जिच्यावर पुण्याचा पाऊस तिरका येऊन आपटतो, तिलाच कपाटाची पाठ चिकटवून ठोकतात, आणि दोन पावसाळ्यांत मागच्या प्लायला बुरशी. तिथे पाठ आणि भिंतीत थोडी हवेशीर फट सोडायला हवी होती, तेवढी खोली कपाटात धरायला हवी होती. भिंत बाहेरची आहे हे मॉडेल ओरडून सांगत होतं, फक्त त्या मॉडेलकडे कुणी बघितलं नाही.

वाकड, हिंजवडी, खराडीकडे आता नवे टॉवर ॲल्युमिनियम शटरिंगचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून केलेले असतात, लोक सरसकट मिवान म्हणतात, त्यात आतल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या. विटेच्या भिंतीत स्विचबोर्ड कपाटामागे गेला तर छिन्नी घेऊन सरकवता तरी यायचा. आरसीसीत वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच टाकलेले असतात, फोडायला गेलात तर आत स्टील लागतं, सोसायटी वेगळी धावून येते. म्हणजे पलंगाच्या बाजूचा पॉइंट कुठे, वॉर्डरोबच्या आतल्या लाइटचा कुठे, एसीचा पाइप माळ्यातून जाणार की बाहेरून, हे काँक्रीट पडायच्या आधी ठरायला पाहिजे, आणि ते कपाट मॉडेलमध्ये असल्याशिवाय कसं ठरणार? मग सगळीकडे तेच दृश्य दिसतं, वॉर्डरोबच्या पाठीला चौकोनी भोक पाडून आत स्विचबोर्ड, लाइट लावायला आधी शर्ट बाजूला करायचे.

मापं कुठून घ्यायची हाही एक भांडणाचा विषय. आर्किटेक्टच्या वर्किंग ड्रॉइंगवर माप साधारण बांधकामाचं असतं, प्लास्टर सोडून, गवंड्याला तेच लागतं. आतलं प्लास्टर १२ एमएमचं धरलं तर दोन्ही बाजू मिळून जवळजवळ एक इंच गेला, किचनमध्ये टाइल्स आल्या की अजून. रेव्हिटमध्ये भिंतीचे थर वेगळे असतात, माप गाभ्यापासूनही लावता येतं आणि फिनिशपासूनही. गवंड्याच्या शीटवर गाभ्याचं आणि सुताराच्या शीटवर फिनिशचं, असं एकाच मॉडेलमधून दोन तऱ्हेनं काढता येतं. तरी एकच शीट दोघांना देतात. आणि लोकांनीही रेराच्या कार्पेट एरियावरून फर्निचर ठरवू नये, २०१६ च्या कायद्यात आतल्या पार्टिशनच्या भिंतींखालची जागा कार्पेटमध्येच धरलेली आहे, भिंतीत काही पलंग बसत नाही. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये साडेसहा फुटी पलंग आणि समोर दोन फुटी वॉर्डरोब ठेवलात की मध्ये उरतो दीड फूट, प्लास्टर धरलं तर त्याहून कमी. दीड फुटी शटर त्यात उघडायचं आणि समोर माणसानं उभंही राहायचं!

आता उलट्या टोकाबद्दल, नाहीतर वाटेल मी सगळंच मॉडेल करा म्हणतेय. हौशी पोरं बिजागऱ्यांच्या कंपन्यांच्या साइटवरून एकेक बिजागरी उतरवतात, ब्लुम, हेटिश वगैरे सगळे कॅड मॉडेल देतात, चांगलंच आहे, पण त्यात स्क्रूचे आटेसुद्धा असतात. तसल्या चाळीस बिजागऱ्या एका फ्लॅटमध्ये टाकल्या की कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा ओरडायला लागतो, आणि १:५० च्या प्लॅनवर त्या सगळ्याचा मिळून एक काळा ठिपका दिसतो. परदेशात याचे टप्पे केलेत, एलओडी, म्हणजे मॉडेलमध्ये किती बारकावा आहे त्याच्या पायऱ्या, १००, २००, ३००, ३५०, ४०० असे. ३०० म्हणजे वस्तूचं नेमकं माप आणि जागा, ३५० म्हणजे शेजारच्या वस्तूंशी ती कुठे टेकते, कशाला धरून आहे ते, ४०० म्हणजे फॅक्टरीत बनवता येईल इतकं. माझ्या मते बिल्डिंगच्या मॉडेलमध्ये ३५० पुरे. बिजागरीच्या जागी ३५ चा साधा गोल आणि शटरच्या फिरण्याची जागा, चॅनेलच्या जागी १३ एमएमची मोकळी पट्टी, स्क्रू एकही नको. भिंतीची फिलर पट्टी, वरची छताजवळची पट्टी, खालची स्कर्टिंग आणि मागची फट, एवढं मात्र ठणठणीत पाहिजे. फॅक्टरीचं काम फॅक्टरीच्या सॉफ्टवेअरमध्ये होऊ दे. छोट्या ऑफिसांना कटिंग लिस्ट हवी असेल तर स्केचअपसाठी ओपनकटलिस्ट नावाचं फुकट एक्स्टेन्शन आहे, शीटवर तुकडे कसे बसतील तेही मांडून देतं, फक्त ब्राउझरमधल्या फुकट स्केचअपमध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत एवढं लक्षात ठेवा.

मॉडेल कितीही छान असलं तरी साइटवर शेवटी कागद जातो, खरं तर कागदही जात नाही, व्हॉट्सॲपवर पीडीएफ जाते. ए-वन साइजच्या शीटवर अख्ख्या फ्लॅटची सगळी कपाटं दाटीवाटीनं बसवायची आणि ती मिस्त्रीनं तडा गेलेल्या मोबाइलवर बोटांनी मोठी करून बघायची, यात चुका होणार नाहीत तर काय होईल. एका कपाटाला एक ए-थ्री, त्यावर प्लॅन, शटरं बंद असलेलं एलेव्हेशन, शटरं काढलेलं एलेव्हेशन, एक सेक्शन, बास. मिस्त्री लोक इंच आणि सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ एमएमच्या जरा वर, त्यामुळे शटरमधली ३ एमएमची फट म्हटलं की ते एक सूत समजतात आणि काम बरोबर होतं, पण १८ एमएमला पाऊण इंच म्हटलं की तिथे एक एमएम सांडतो. उंच्या सगळ्या एकाच रेषेपासून द्याव्यात, तयार फरशीपासून नाहीतर भिंतीवर मारलेल्या लेव्हलच्या रेषेपासून, कधी फरशीपासून कधी छतापासून असं नको. आणि एलेव्हेशनमध्ये शटरवर जो तुटक रेषांचा त्रिकोण काढतात त्याचं टोक बिजागरीकडे असतं, ही पद्धत, पण काही ऑफिसं उलटं काढतात. त्यांच्याकडून काम सोडून आलेला पोरगा दुसऱ्या ऑफिसात बसला की काय होतं ते सांगायला नकोच. शीटच्या कोपऱ्यात एक ओळ लिहा की टोक म्हणजे बिजागरी, शाई तेवढी नाही जात.

ज्यांची घरं होतायत त्यांना सांगायचं तर थ्रीडी पसंत करा, रंग काय हवा तो निवडा, पण पैसे देण्याआधी शटरं आणि ड्रॉवर उघडे असलेलं एक चित्र मागा आणि बेडरूमचं दारही त्यात उघडं असू दे. फिलर पट्टी कुठे आहे ते विचारा. स्विचबोर्ड चित्रात दाखवलेत का बघा, बहुतेक वेळा नसतात, भिंत सुंदर दिसावी म्हणून काढून टाकलेले असतात. समोरचा माणूस ते मॅनेज होईल म्हणाला तर ते कोण मॅनेज करणार आणि कुणाच्या पैशानं, तेही तिथेच लिहून घ्या.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. पुरवणीत जेव्हा एखाद्या घराचं थ्रीडी किंवा फोटो छापता तेव्हा त्याच्या शेजारी त्यातल्या एका कपाटाचा सेक्शनही छापत जा. १:२० च्या स्केलला ६०० खोलीचं कपाट ३ सेंटीमीटर रुंद येतं, माळ्यासकट नऊ फुटी उंची साधारण पावणेचौदा सेंटीमीटर, तुमच्या एका कॉलमात आरामात बसेल. फक्त ते लावणाऱ्याला सांगा की जागा भरायला चित्र ताणू नको, स्केल बिघडतं, वाचकाला घरी फूटपट्टी लावून मोजता आलं पाहिजे.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे